कुंद्याला करदंटाचा भाव

मंडळाच्या अंकात कविता येतात, प्रवासवर्णन येतं, आजीची आठवण येते. मॅट्रिक्स येत नाही. तरीही हा लेख मी मंडळालाच दिला, त्याला कारण आहे. मॅट्रिक्सचा गुणाकार मी बारावीत इंग्रजीतून शिकले, त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवले, आणि तो मला मुळात कळलाच नव्हता हे एका रविवारी रात्री मामांच्या घरी, मराठीत, सगळ्यांच्या देखत उघड झालं. तेव्हा जे कळलं ते मराठीतच लिहावं म्हटलं. गणिताचं नाव काढलं की ज्यांना जांभई येते त्यांनी निदान सुरुवात तरी वाचा. तिच्यात भांडण आहे.

माझ्या मामांची बेळगावात मिठाई-फरसाणाची तीन दुकानं आहेत. खडे बाजारातलं सगळ्यात जुनं, तिथं मामा स्वतः बसतात. शहापूरचं मामी बघते. टिळकवाडीच्या गल्ल्यावर अण्णा असतात. अण्णा आमच्या नात्यातले नव्हेत. घरी कन्नड, दुकानात मराठी बोलतात, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून मामांकडे आहेत. दर रविवारी दुकानं बंद झाली की आठवड्याचा हिशेब मामांच्या घरी होतो. कुठल्या दुकानातून किती किलो माल गेला, त्याचे पैसे किती व्हायला हवेत, आणि गल्ल्यात नि फोनवर मिळून प्रत्यक्ष आले किती. दोन्ही आकडे जुळले की जेवण. नाही जुळले की जेवण उशिरा.

गणपतीच्या आधीचा रविवार होता. मामांचा चष्मा दुरुस्तीला गेलेला, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. मी म्हटलं, वही कशाला, मोबाइलवर एका सूत्रात काढून देते. आकडे इथं देते. जिनसा प्रत्यक्षात पुष्कळ असतात, त्या आठवड्याला आम्ही तीन मुख्य जिनसांचाच हिशेब धरला होता. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, म्हणजे तुम्हालाही कागदावर करून बघता येईल.

विकलेला माल, किलोमध्ये (क्रमाने कुंदा, करदंट, चिवडा):

खडे बाजार: ४०, २०, ३०
शहापूर: २५, १०, ४०
टिळकवाडी: ३०, २५, २०

भाव, एका किलोला: कुंदा ५०० रुपये, करदंट ६०० रुपये, चिवडा ३०० रुपये.

मी विक्रीचा हा ३ × ३ चौकोन शीटमध्ये भरला. भाव त्याच्या वर एका आडव्या ओळीत लिहिले, कारण जिनसांची नावं वर आडवीच होती. मग मॅट्रिक्सच्या गुणाकाराचं फंक्शन लावलं: आधी विक्री, मग भाव. शीटनं उत्तर दिलं नाही, चूक दाखवली. मी काय केलं असेल? दोघांची जागा बदलली. आधी भाव, मग विक्री. लगेच तीन आकडे आले. तीन दुकानं, तीन आकडे. मी मोठ्यानं वाचले:

खडे बाजार ४४,०००. शहापूर २३,५००. टिळकवाडी ४५,०००.

मामांनी जमा झालेले पैसे सांगितले. खडे बाजार ४१,०००, शहापूर ३०,५००, टिळकवाडी ३६,०००. (सुट्या पैशांचा इकडेतिकडे फरक असतो तो मी इथं सोडून दिला आहे.)

खोलीत एकदम शांतता. टिळकवाडीला ९,००० कमी. एका आठवड्यात. मामा चिडणारे नाहीत, पण ते गप्प झाले की त्याहून वाईट वाटतं. अण्णा तिथंच खुर्चीवर बसलेले. त्यांनी शर्टाच्या खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, “परत एकदा मोजा.” बस्स, एवढंच. मला त्या क्षणी वाटलं ते खरं सांगते. मला अण्णांचाच संशय आला. यंत्रानं काढलेला आकडा होता ना!

मामीनं वाचवलं. ती म्हणाली, “अगं, माझ्या गल्ल्यात सात हजार जास्त कसे? कमी झाले तर कुणी घेतले म्हणशील. जास्त झालेले कुणी आणून टाकले?”

मग अण्णांनी स्वतःची वही काढली आणि आम्ही हातानं केलं. चार मिनिटं लागली. टिळकवाडी: ३० किलो कुंदा ५०० नं १५,०००, २५ किलो करदंट ६०० नं १५,०००, २० किलो चिवडा ३०० नं ६,०००. एकूण ३६,०००. पैशाचाही फरक नाही. शहापूर ३०,५००, खडे बाजार ४१,०००, सगळं जुळलं.

मी माफी मागितली. अण्णा म्हणाले, “इरली बिडु,” आणि किल्ल्या खिशात टाकल्या. जेवण झालं. मला मात्र घास गेला नाही. फंक्शन चुकत नसतं, मग ४५,००० आले कुठून?

रात्री मी तेच हातानं उलगडून बघितलं. तुम्हीही बघा, कारण खरा धडा इथं आहे.

मॅट्रिक्सच्या गुणाकारात डावीकडच्या मॅट्रिक्सची आडवी रांग घ्यायची, उजवीकडच्याचा उभा स्तंभ घ्यायचा, पहिल्याला पहिल्यानं, दुसऱ्याला दुसऱ्यानं, तिसऱ्याला तिसऱ्यानं गुणायचं आणि बेरीज करायची. हे आपण सगळे पाठ करतो. मी डावीकडे भावांची रांग ठेवली होती: ५००, ६००, ३००. उजवीकडे विक्रीचा चौकोन, त्याचा पहिला स्तंभ: ४०, २५, ३०. म्हणजे ५०० × ४० + ६०० × २५ + ३०० × ३० = २०,००० + १५,००० + ९,००० = ४४,०००.

आता त्या स्तंभात काय आहे ते बघा. ४०, २५, ३० हे तिन्ही आकडे कुंद्याचे आहेत. खडे बाजारचा कुंदा, शहापूरचा कुंदा, टिळकवाडीचा कुंदा. मी खडे बाजारच्या कुंद्याला कुंद्याचा भाव लावला, शहापूरच्या कुंद्याला करदंटाचा आणि टिळकवाडीच्या कुंद्याला चिवड्याचा! आणि या खिचडीला नाव दिलं ‘खडे बाजारची विक्री’. सकाळी मामांना हे सांगितलं तर ते हसून म्हणाले, “शहापूरच्या कुंद्याला करदंटाचा भाव मिळत असता तर मी खडे बाजार बंद करून तिकडंच बसलो असतो की.”

दुसरा आकडा २३,५०० म्हणजे तिन्ही दुकानांच्या करदंटाची तशीच खिचडी, आणि तिसरा ४५,००० म्हणजे चिवड्याची. टिळकवाडीचा त्या ४५,००० शी तेवढाच संबंध होता जेवढा इतर दोन दुकानांचा. अण्णांच्या नावावर मी जो आकडा वाचला त्यात अण्णांच्या दुकानाचा फक्त २० किलो चिवडा होता.

बरोबर रीत कोणती? भाव उभे करायचे आणि उजवीकडे ठेवायचे. विक्रीची रांग आडवी, भावांचा स्तंभ उभा:

खडे बाजार: ४० × ५०० + २० × ६०० + ३० × ३०० = ४१,०००
शहापूर: २५ × ५०० + १० × ६०० + ४० × ३०० = ३०,५००
टिळकवाडी: ३० × ५०० + २५ × ६०० + २० × ३०० = ३६,०००

ही तर मामांच्या वहीचीच रीत आहे. मामा प्रत्येक दुकानाचं नाव लिहितात, खाली जिन्नस, किलो, भाव, रक्कम, आणि शेवटी रेघ मारून बेरीज. ‘रांग गुणिले स्तंभ’ म्हणजे त्या एका पानाचा हिशेब. तीन दुकानं म्हणजे तीन पानं. पन्नास दुकानं असली तरी भावांचा स्तंभ एकच राहतो, तो प्रत्येक रांगेवरून फिरवायचा. बारावीत आम्हाला हा गुणाकार बोटं फिरवून शिकवला होता, डावं बोट आडवं, उजवं बोट उभं. बोटं बरोबर फिरली, पण बोटाखाली काय आहे ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता शीटनं पहिल्यांदा चूक का दाखवली ते कळेल. विक्री ३ × ३ ची होती आणि माझे भाव आडवे, म्हणजे १ × ३ चे. गुणाकारासाठी पहिलीच्या स्तंभांची संख्या आणि दुसरीच्या रांगांची संख्या सारखी लागते. इथं एकीकडे ३, दुसरीकडे १. यंत्र म्हणत होतं, जुळत नाही. ते अगदी खरं बोलत होतं, आणि मी जागा बदलून त्याचं तोंड बंद केलं. जागा बदलल्यावर १ × ३ आणि ३ × ३, मधले आकडे ३ आणि ३, यंत्राची हरकत संपली. यंत्र फक्त संख्या मोजतं. डावीकडचे ३ म्हणजे तीन जिनसा आणि उजवीकडचे ३ म्हणजे तीन दुकानं, हे त्याला कुठून कळणार?

आमच्याकडे चौथी जिन्नस धरली असती, समजा बुंदीचे लाडू, तर विक्री ३ × ४ झाली असती आणि भाव १ × ४. मग कुठल्याही क्रमानं टाका, चूकच दाखवली असती. मी नाइलाजानं पुस्तक उघडलं असतं आणि अण्णांच्या किल्ल्या खिशातच राहिल्या असत्या. तीन दुकानं आणि तीन जिनसा, हाच घात. चौकोनी मॅट्रिक्स फार गोड वागतं, कुठूनही गुणू देतं, म्हणून तिच्याशीच जपून राहावं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. आकार लिहिताना नुसते आकडे लिहीत नाही, नावं लिहिते. विक्री: दुकानं × जिनसा. भाव: जिनसा × रुपये. मधे ‘जिनसा’ आणि ‘जिनसा’ शेजारी आल्या, त्या एकमेकींना भेटून गेल्या, उरलं दुकानं × रुपये. हवं होतं तेच. उलट क्रम घेतला तर: भाव, १ × जिनसा, आणि विक्री, दुकानं × जिनसा. मधे ‘जिनसा’च्या शेजारी ‘दुकानं’. इथंच थांबायचं. बरं, तरीही रेटून केलंच तर उत्तराला बाहेरची नावं मिळतात, म्हणजे त्या तीन आकड्यांवर दुकानांची नावं येतच नाहीत, कुंदा, करदंट, चिवडा अशी नावं येतात. मी वाचताना स्वतःहून दुकानांची नावं चिकटवली. आकड्यांनी मला फसवलं नाही.

एककांचंही तसंच. किलो गुणिले ‘दर किलोला रुपये’ म्हणजे रुपये. करदंट जर पाव किलोच्या डब्यांत मोजलं तर भावही डब्याचाच हवा. हे सांगायला सोपं आहे, पण दुकानात डबे आणि किलो एकाच स्तंभात घुसतात.

आणि नावं सारखी असून भागत नाही, क्रमही सारखा लागतो. आपण मंडळातले लोक यादी केली की अकारविल्हे लावतो. भावाची यादी अकारविल्हे लावली तर करदंट आधी येतं, मग कुंदा, मग चिवडा: ६००, ५००, ३००. विक्रीचा तक्ता मात्र कुंदा, करदंट, चिवडा असाच राहिला, तर खडे बाजारचे ४० × ६०० + २० × ५०० + ३० × ३०० = ४३,००० होतात. आकार बरोबर, नावं बरोबर, आणि गल्ल्यात २,००० कमी. पुन्हा कुणाच्या तरी किल्ल्या टेबलावर.

एवढं वाचून कुणी असा नियम करेल की भाव नेहमी उजवीकडे. तसं नाही. डावीकडून गुणणं हा गुन्हा नव्हे. डावीकडून जे येईल ते दुकानांचं असलं पाहिजे, एवढंच. त्याचं एक छान उदाहरण आहे. तीन एकांची एक रांग घ्या: १, १, १, दर दुकानाला एक. ती विक्रीच्या डावीकडे ठेवून गुणा. पहिला आकडा ४० + २५ + ३० = ९५, दुसरा ५५, तिसरा ९०. म्हणजे तिन्ही दुकानं मिळून कुंदा ९५ किलो, करदंट ५५, चिवडा ९०. भट्टीवर पुढच्या आठवड्याला किती माल करायचा ते या ओळीवरून ठरतं. दुकानवार पैशांपेक्षा आचाऱ्याला हीच ओळ हवी असते. या ओळीला आता उजवीकडून भावांनी गुणा: ९५ × ५०० + ५५ × ६०० + ९० × ३०० = ४७,५०० + ३३,००० + २७,००० = १,०७,५००. दुसऱ्या वाटेनं जा, आधी दुकानवार रक्कम काढा आणि मग बेरीज करा: ४१,००० + ३०,५०० + ३६,००० = १,०७,५००. तेच. दोन वाटांनी एक उत्तर येणं हा आपला ताळा. माझ्या त्या रात्रीच्या आकड्यांची बेरीज १,१२,५०० होती. बेरीज तरी करून बघितली असती!

आता थोडं शब्दांबद्दल, मंडळाच्या अंकात ते यायलाच हवं. परिभाषेत मॅट्रिक्सला ‘आव्यूह’ म्हणतात. व्यूह म्हणजे रचना, चक्रव्यूहातला. मला हा शब्द आवडतो, कारण व्यूहात कोण कुठं उभा आहे यालाच सगळं महत्त्व असतं. इंग्रजी शब्द १८५० साली जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या गणितज्ञानं वापरात आणला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय, जिथून काही जन्माला येतं ती जागा. एका मॅट्रिक्समधून अनेक निश्चयक काढता येतात, म्हणून त्यानं तिला आई केलं. (म्हणून मी मॅट्रिक्सला ‘ती’ म्हणते, व्याकरणवाल्यांनी माफ करावं.) हा सिल्व्हेस्टर आपल्या मंडळात शोभला असता. १८७० मध्ये त्यानं काव्यरचनेच्या नियमांवर पुस्तक लिहिलं आहे. गुणाकाराचा नियम व्यवस्थित मांडला तो त्याच्या मित्रानं, आर्थर केली यानं, १८५८ च्या निबंधात. केलीनं चौदा वर्षं लंडनमध्ये वकिली केली. पोटासाठी दस्तऐवज, आणि उरलेल्या वेळात गणित.

केलीला दुकानांशी काही घेणं नव्हतं. त्याला एका समीकरणांच्या संचात दुसरा संच घालून बघायचा होता, आणि दोन पायऱ्यांची एक पायरी कशी होते ते लिहायचं होतं. म्हणूनच हा गुणाकार असा आडवा-उभा आहे. नाहीतर शेजारच्या आकड्याला शेजारच्या आकड्यानं गुणण्यात काय वाईट होतं? मामांच्या भट्टीवर हे बरोबर दिसतं. एक किलो कुंद्याला दूध किती, साखर किती, एक किलो करदंटाला गूळ किती, चिवड्याला तेल किती, असा एक तक्ता करा: जिनसा × कच्चा माल. सोयीसाठी कच्चा माल चारच धरू. विक्रीला या तक्त्यानं गुणलं की मधल्या जिनसा गेल्या आणि उरलं दुकानं × कच्चा माल: खडे बाजारच्या विक्रीमागं किती दूध लागलं, किती साखर. त्याला कच्च्या मालाच्या दरांच्या स्तंभानं गुणलं की दुकानं × रुपये, म्हणजे दर दुकानामागं मालाचा खर्च. विक्रीतून तो वजा केल्याशिवाय नफा म्हणायचं नाही, हे मामा दर रविवारी ऐकवतातच.

यात एक गंमत आहे. हेच उत्तर दुसरीकडून सुरू करूनही येतं. आधी तक्ता गुणिले दर, म्हणजे एक किलो कुंद्याचा, करदंटाचा, चिवड्याचा खर्च. मग विक्रीला त्यानं गुणा. पहिल्या वाटेनं छोटे गुणाकार होतात ४८ (३ × ३ × ४ म्हणजे ३६, आणि वर १२). दुसऱ्या वाटेनं २१ (१२ आणि ९). उत्तर एकच, कष्ट निम्म्याहून कमी. आचारी दुसरीच वाट धरतो. ‘किलोला एवढं पडतं’ हे त्याच्या तोंडपाठ असतं. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलता येत नाही, पण कंस हलवता येतात. हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. ते म्हणजे भट्टीवरच्या माणसाची रोजची सोय आहे हे मला परीक्षेनंतर वर्षभरानं कळलं.

गणपती झाले आणि मामांनी दुकानवार भाव वेगळे केले. टिळकवाडीला जास्त, शहापूरला थोडे कमी. आता भावांचा एक स्तंभ पुरत नाही, तीन लागतात, म्हणजे भावसुद्धा ३ × ३ चा चौकोन झाला. जिनसा × दुकानं (क्रमाने खडे बाजार, शहापूर, टिळकवाडी):

कुंदा: ५००, ४८०, ५२०
करदंट: ६००, ६००, ६४०
चिवडा: ३००, २८०, ३२०

किलो आधीचेच धरू. विक्री गुणिले भाव, दुकानं × जिनसा आणि जिनसा × दुकानं. मधली नावं जुळतात. उत्तर दुकानं × दुकानं:

खडे बाजारचा माल: ४१,०००, ३९,६००, ४३,२००
शहापूरचा माल: ३०,५००, २९,२००, ३२,२००
टिळकवाडीचा माल: ३६,०००, ३५,०००, ३८,०००

आपल्याला तीन आकडे हवे होते, आले नऊ. पुष्कळ जण इथं गोंधळतात, आणि कुणी नऊच्या नऊ बेरीज करून मोकळे होतात. खरी विक्री कर्णावर आहे, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात: ४१,०००, २९,२०० आणि ३८,०००, एकूण १,०८,२००. खडे बाजारचा माल खडे बाजारच्या भावानं, शहापूरचा शहापूरच्या, टिळकवाडीचा टिळकवाडीच्या.

मग बाकीचे सहा आकडे फेकायचे का? मी फेकणार होते. मामांनी थांबवलं. दुसऱ्या रांगेतला तिसरा आकडा बघा, ३२,२००. शहापूरला गेलेला तोच माल टिळकवाडीच्या भावानं गेला असता तर एवढे आले असते. म्हणजे ३,००० जास्त. प्रत्येक आकडा म्हणजे एक ‘जर-तर’ आहे. मामांनी वही बंद केली आणि म्हणाले, “चला, शहापूरचे भाव वाढवू.”

मामी म्हणाली, “त्या आकड्यात चाळीस किलो चिवडा तसाच धरलाय. किलोला चाळीस वाढवले तर माझी गिऱ्हाइकं चाळीस किलो नेतील?”

याला उत्तर नव्हतं. कर्णाबाहेरचे आकडे असं गृहीत धरतात की भाव बदलला तरी माणूस तितकंच घेतो. शहापूरला चिवडा सगळ्यात जास्त जातो आणि करदंट सगळ्यात कमी, म्हणजे तिथलं गिऱ्हाईक खिसा बघून घेणारं आहे, हे विक्रीच्या रांगेतच लिहिलेलं होतं. भाव तसेच राहिले. उलट एक आकडा मामांनी मनावर घेतला, तिसऱ्या रांगेतला दुसरा, ३५,०००. टिळकवाडीला शहापूरचे भाव लावले असते तर ३,००० बुडाले असते. अण्णांची गिऱ्हाइकं टिळकवाडीचेच भाव देतात आणि परत येतात, हे त्यांनी अण्णांना फोन करून सांगितलं. मला वाटतं त्या रविवारचं काहीतरी त्यांच्याही मनात होतं.

अण्णा आता मला शीटची छापील प्रत मागतात आणि स्वतःच्या वहीशी ताडून बघतात. माझा काही आक्षेप नाही. पानाच्या वर मी प्रत्येक चौकोनाच्या बाजूला आडव्या-उभ्या नावांची पाटी लिहिते आणि आधी ती त्यांना दाखवते.

आता तुमच्यासाठी एक. कॉलेजच्या आनंदमेळ्यात दोन स्टॉल होते असं समजा. विक्रीचा तक्ता मुद्दाम फिरवून देते, जिनसा रांगांत आणि स्टॉल स्तंभांत (आधी पहिला स्टॉल, मग दुसरा):

केक, नग: २४, १८
कुलकुल, पाकिटं: ३०, ४०
लिंबू सरबत, ग्लास: ५०, ६५

भाव: केक नगाला ४० रुपये, कुलकुलचं पाकीट ५० रुपये, सरबताचा ग्लास १५ रुपये. भाव आडवे लिहाल की उभे, डावीकडे ठेवाल की उजवीकडे, ते नावं लिहून ठरवा. मग प्रत्येक स्टॉलचे पैसे काढा. दोन्ही मिळून ६,९०५ रुपये आले पाहिजेत. नाही आले तर स्टॉलवरच्या पोरांना काही बोलण्याआधी पाटी बघा.